बडे बाबूंच्या टेबलावरचा प्रिंटर

उत्तरेकडील एका राज्यात सेवेत असताना, २००८ च्या सुमारास, माझ्या अखत्यारीतील एका कार्यालयात सहा संगणक होते आणि प्रिंटर एकच. चार संगणकांवर विंडोज, दोहोंवर लिनक्स. प्रिंटर बडे बाबूंच्या संगणकाला जोडलेला. (महाराष्ट्राबाहेर आयुष्य काढलेल्या वाचकांना बडे बाबू कोण हे सांगावयास नकोच; इतरांनी हेडक्लार्क समजावे.) बाकीच्यांनी आपले पत्र पेन ड्राइव्हवर घ्यायचे, बडे बाबूंच्या टेबलाशी जायचे आणि ते मोकळे होईपर्यंत उभे राहायचे. कोणाचा कागद आज निघेल आणि कोणाचा उद्या, हे त्या टेबलावर ठरत असे. कोणत्याही नियमपुस्तिकेत नसलेला एक अधिकार त्या यंत्राने निर्माण केला होता.

हा प्रिंटर नेटवर्कवरून सर्वांना उपलब्ध करून द्यावा असे मी ठरविले. विंडोजच्या संगणकांचे काम अर्ध्या तासात झाले. लिनक्सच्या एका संगणकावर विधवा निवृत्तिवेतनाची मंजुरीपत्रे तयार होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी वाटायची होती. संध्याकाळी छपाईची आज्ञा देऊन लिपिक घरी गेला. सकाळी पाहतो तो ट्रेमधला सारा कागद संपलेला आणि प्रत्येक पानावर रोमन अक्षरे, आकडे व कंस यांची गर्दी. पहिल्या पानाच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह, त्यापुढे उद्गारचिन्ह. आवारात बायका येऊन बसल्या होत्या. त्यांना उद्या या म्हणून सांगावे लागले. त्यांचे बसभाडे आणि एका दिवसाची मजुरी बुडाली ती माझ्या घाईमुळे, हे मला तेव्हाही कळत होते.

ती अक्षरांची गर्दी निरर्थक मात्र नव्हती. पोस्टस्क्रिप्ट नावाच्या भाषेत लिहिलेला तो एक शुद्ध प्रोग्रॅम होता. आमच्या प्रिंटरला ती भाषा येत नव्हती. त्याला फक्त आपल्या कंपनीची भाषा ठाऊक होती. म्हणून मंजुरीपत्र छापण्याऐवजी, मंजुरीपत्र कसे छापावे याच्या सूचनाच त्याने अक्षरशः छापून काढल्या. शासकीय कार्यालयात हा प्रकार प्रिंटरखेरीज इतरांकडूनही घडतो, पण ते असो.

एक प्रिंटर अनेकांनी वापरण्याची सोय तशी जुनी आहे. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये आलेल्या प्रोग्रॅमला लाइन प्रिंटर डीमन म्हणत. आलेली कामे रांगेत ठेवायची आणि एकामागून एक प्रिंटरकडे सोडायची, एवढेच त्याचे काम. गंमत अशी की त्याचे नियम कागदावर आले ते पुष्कळ नंतर, ऑगस्ट १९९० मध्ये. आणि त्या दस्तऐवजातही, हे प्रमाणक नसून चालत आलेल्या वहिवाटीचे वर्णन आहे, असे नमूद आहे. रूढी आधी आणि परिपत्रक मागाहून, ही रीत आपल्याकडचीच नव्हे तर!

रांग लागली तरी पानाची भाषा कोणती, हा प्रश्न उरतोच. त्याला पहिले मोठे उत्तर दिले जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी. १९८२ मध्ये त्यांनी ॲडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट आणली. पान कोणत्याही संगणकावर तयार झालेले असो, वर्णन एकाच भाषेत. ते समजून घेण्याचा भार प्रिंटरवर. अक्षरांचे आकारही पानासोबत पाठविता येत असल्याने, ज्या प्रिंटरला देवनागरीची ओळखदेखील नाही तोही मराठी मजकूर नीट छापू शके. १९८५ साली ॲपलचा लेझररायटर ही भाषा घेऊन आला. त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती आणि त्याच्या पोटातला प्रोसेसर खुद्द मॅकिंटॉश संगणकाच्या प्रोसेसरपेक्षा वेगवान होता. इतके महाग यंत्र एकट्याने वापरणे परवडणारे नव्हते, म्हणून ते नेटवर्कवर वाटून घेण्याची सोय त्यात आरंभापासूनच होती. स्वस्त प्रिंटर मात्र आपापल्या कंपनीच्या भाषेवरच राहिले. त्यांच्यासाठी प्रत्येक संगणकावर ड्रायव्हर नावाचा दुभाषा बसवावा लागे, आणि तो दुभाषा बहुधा विंडोजपुरताच मिळे.

दुभाषा कोणाच्या ताब्यात, हा वाद त्याही आधीचा. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्सकडून एक लेझर प्रिंटर भेट मिळाला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना संगणकावर निरोप जाईल, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रॅमच मिळाला नाही. दुसऱ्या विद्यापीठातल्या ज्या संशोधकाकडे तो होता, त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखविले. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागे हा अनुभवही होता.

विंडोजचे जग आणि युनिक्सचे जग यांच्यामधली भिंत ओलांडली ती ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याने. विंडोजचे संगणक फाइली आणि प्रिंटर वाटून घेताना एसएमबी नावाच्या नियमांनी बोलत. मूळ नियम आयबीएममधले, १९८० च्या दशकातले. पुढे मायक्रोसॉफ्टने ते वाढविले, पण वाढविलेला भाग पुरता प्रसिद्ध केला नाही. कॅनबेरा येथील विद्यापीठात संशोधन करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपून, त्यांचा अर्थ लावून, जानेवारी १९९२ मध्ये आपला प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. पुढे नावाच्या मालकीचा प्रश्न आला, तेव्हा एस, एम, बी ही अक्षरे त्याच क्रमाने असलेले शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधले आणि सांबा हे नाव निघाले. दुसऱ्या बाजूचे बोलणे ऐकून ऐकून भाषा शिकण्याचा हा उद्योग वर्षानुवर्षे चालला. नवी विंडोज आली की नवे उच्चार, आणि पुन्हा कान लावून बसणे.

येथे शासनसंस्था या कथेत येते. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंहून अधिक दंड केला. मीडिया प्लेयरचा मुद्दा वर्तमानपत्रांत गाजला. परंतु दुसरा मुद्दा प्रशासनाच्या दृष्टीने अधिक मोलाचा होता. कार्यालयात फाइली, छपाई आणि वापरकर्त्यांची नोंद सांभाळणाऱ्या सर्व्हरना विंडोजशी बोलण्यासाठी लागणारी माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असा तो आदेश होता. कंपनी न्यायालयात गेली. सप्टेंबर २००७ मध्ये निकाल मुख्यतः आयोगाच्या बाजूने लागला आणि डिसेंबर २००७ मध्ये सांबाच्या विकासकांसाठी एका ना-नफा संस्थेने एकदाच १०,००० युरो भरून ती कागदपत्रे मिळविली. माहितीसाठी अवाजवी मोबदला मागितल्याबद्दल २००८ मध्ये आणखी ८९ कोटी ९० लाख युरोंचा दंड झाला. २०१२ मध्ये न्यायालयाने तो ८६ कोटींवर आणला. एका कार्यालयातला कागद दुसऱ्या टेबलावर निघावा म्हणून केवढा हा खटाटोप! तरी मला तो योग्य वाटतो. सार्वजनिक कामाची भाषा एका विक्रेत्याच्या कपाटात कुलूपबंद राहिली, तर निविदा कितीही पारदर्शक काढा, पुढच्या वेळी पुरवठादार कोण हे आधीच ठरलेले असते. भारत सरकारने नोव्हेंबर २०१० मध्ये ई-शासनासाठी खुल्या प्रमाणकांचे धोरण अधिसूचित केले. प्रमाणकावर स्वामित्वशुल्क नसावे, ही त्यातली अट मला फार महत्त्वाची वाटते.

दरम्यान तिसरा मार्ग शांतपणे तयार होत होता. १९९९ मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. यात संगणक प्रिंटरला विचारू शकतो की तुला कोणत्या आकाराचा कागद चालतो, रंग येतो का, दोन्ही बाजूंनी छापतोस का. आणि प्रिंटर उत्तर देतो. मायकल स्वीट यांची कप्स ही मुद्रणप्रणाली याच पायावर उभी राहिली आणि लिनक्समध्ये रूढ झाली. ॲपलने २००२ मध्ये ती स्वीकारली. पानाचे सामाईक स्वरूप ठरायला मात्र आणखी दशक गेले: २०१० मध्ये ॲपलचे एअरप्रिंट आणि २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर आले, आणि नव्या प्रिंटरना वेगळ्या ड्रायव्हरची गरज संपत चालली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही इतर कंपन्यांच्या ड्रायव्हरना दिलेला आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्याचे जाहीर केले.

आमच्या कार्यालयात दुरुस्ती झाली ती साधीच. लिनक्सच्या संगणकावर प्रिंटरचे नेमके मॉडेल निवडले. मग घोस्टस्क्रिप्ट हा प्रोग्रॅम पोस्टस्क्रिप्टचे प्रिंटरच्या भाषेत रूपांतर करू लागला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुरीपत्रे वाटली गेली. काही महिन्यांनी नेटवर्कची तार थेट जोडता येईल असा प्रिंटर मिळाला. तो व्हरांड्याच्या दाराशी, पाण्याच्या माठाशेजारी ठेवला. पहिल्याच आठवड्यात कागद संपला आणि छपाई थांबली. कागद भरण्याचे काम आपले नाही, असे प्रत्येकाचे म्हणणे पडले. बडे बाबूंना विचारले, तर ते म्हणाले, यंत्र त्यांच्या टेबलावर होते तोवर तेच भरत होते. शेवटी त्यासाठी स्वतंत्र कार्यालयीन आदेश काढावा लागला.