प्रवरेचा पूर : निसर्ग, नियोजन आणि नदीकाठची वस्ती

महापुराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम हिमालयातून उतरणाऱ्या नद्या येतात. उन्हाळ्यात बर्फ वितळते, त्यावर मोसमी पावसाची भर पडते आणि गंगा, गंडक, कोसी या नद्या आपले काठ सोडतात. महाराष्ट्रातील नद्यांना बर्फ ठाऊक नाही. तथापि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील प्रवरा एका बाबतीत या नद्यांसारखीच आहे. तिचा पूर जेथे येतो, तेथे त्याचे कारण घडलेले नसते.

प्रवरा सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे असा सुमारे २०० किलोमीटरांचा प्रवास करून प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. उगमाकडील घाटघर-रतनवाडी भागात वर्षाला ४००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. खालच्या श्रीरामपूर-नेवासे भागात तो ५०० मिलिमीटरांच्या आसपास असतो. म्हणूनच शिवारात पेरणी खोळंबली असताना नदी दुथडी भरून वाहते, हे दृश्य येथील माणसास नवे नाही. दुष्काळ आणि पूर हे या जिल्ह्यात एकाच वेळी नांदतात.

या विसंगतीवर मानवाने फार पूर्वी विचार केलेला दिसतो. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी असलेले दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन गाव इ.स.पू. सुमारे २२०० ते १००० या काळात नांदत होते. त्याच परंपरेतील इनामगाव जिल्ह्याच्या सीमेजवळ, पुणे जिल्ह्यात घोड नदीवर आहे. तेथील उत्खननात दगडमातीचा बांध आणि त्यालगतचा पाट उजेडात आला. पुराचे पाणी वळवून शेतीसाठी साठवण्याची ही योजना असावी, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. तीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी पुराकडे संकट म्हणून पाहत होता, तसाच तो संचय म्हणूनही पाहत होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

पाली वाङ्मयातही पुराचा उल्लेख व्यवहाराच्या भाषेत येतो. महापरिनिब्बान सुत्तात पाटलिग्रामी नगरउभारणी चालू असताना तथागत या नगरीच्या भावी वैभवाबरोबर तिचे तीन धोकेही सांगतात: अग्नी, पाणी आणि आपसांतील फूट. विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचे नियम आहेत. वर्षावासाच्या काळात निवासस्थान किंवा भिक्षाटनाचे गाव पाण्याने वाहून गेले, तर स्थान सोडणाऱ्या भिक्षूस दोष लागत नाही, असे तेथे स्पष्ट केले आहे. नियम कितीही महत्त्वाचा असला तरी माणसाचा जीव त्याहून मोठा, हा त्यातील अर्थ होय. पूर हा कोणाच्या कोपाचा परिणाम नसून आधी ओळखता येणारा धोका आहे, ही दृष्टी यामागे आहे.

आधुनिक काळात याच विवेकदृष्टीने भारतातील नद्यांचा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते व पाटबंधारे आणि वीज हे विषय त्या खात्याकडे होते. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये हाहाकार उडविला. त्यानंतर ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास दामोदर खोऱ्याविषयी, तर ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. काठाने बंधारे घालून पाणी समुद्राकडे हाकलणे हा उपाय अपुरा आहे. जनतेचे हाल पाण्याच्या अतिरेकापेक्षा त्याच्या अभावाने अधिक होतात, म्हणून पाणी साठवून सिंचन, वीज व जलवाहतूक यांसाठी वापरावे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. इनामगावच्या बांधामागील विचार येथे शास्त्राच्या व राज्ययंत्रणेच्या पायावर उभा राहिला.

प्रवरेवर साठवणुकीचा प्रयोग त्याआधीच झाला होता. १९१० साली आरंभ झालेले भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि कालव्यांच्या पाण्यावर अवर्षणग्रस्त भागात ऊस उभा राहिला. परंतु धरणाने पूर संपविला, असे म्हणता येत नाही. सिंचनासाठी जलाशय भरलेला हवा, तर पूर सामावून घेण्यासाठी तो काही अंशी रिकामा हवा. या दोन गरजा परस्परविरोधी आहेत. भरलेल्या धरणावर घाटमाथ्याचा पाऊस कोसळला की पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. १९६९ साली भंडारदऱ्याच्या भिंतीतून मोठी गळती दिसून आली, तेव्हा आधारभिंती बांधून ती बळकट करावी लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिककडील पावसामुळे नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून गोदावरीत अडीच लाख क्युसेकांहून अधिक पाणी आले. कोपरगाव-पुणतांबा परिसरास त्याचा तडाखा बसला आणि त्याच पाण्याने, त्या वेळी मृतसाठ्यात असलेले जायकवाडी धरण भरू लागले.

धरणानंतरचा पूर केवळ निसर्गाचा राहत नाही. दरवाजे केव्हा उघडावे या निर्णयाचाही तो असतो. कालव्याच्या पाण्याचा लाभ ज्याच्याकडे जमीन आहे त्यास मिळतो. पुराचे पाणी मात्र प्रथम सखल जागेच्या वस्तीत शिरते. सखल जागी कोण राहतो, हा प्रश्न भूगोलाचा नसून इतिहासाचा आहे. गावकुसाबाहेर, पुष्कळदा उताराच्या बाजूस महारवाडा वसविणारी व्यवस्था जातीची होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली. वस्तीची जागा मात्र अनेक गावांत तीच राहिली.

आज नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम नको, हे योग्यच आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणाऱ्यांनी कोठे जावे, याचे उत्तर रेषेत नाही. ते उंचावरील मालकीच्या जागेत आणि विसर्गाची सूचना वस्तीपर्यंत वेळेवर पोहोचविण्यात आहे. आपल्या गावची वस्ती कोणत्या रेषेच्या आत येते, हे प्रत्येक वाचकाने पावसाळ्यापूर्वी तलाठ्याकडे वा पाटबंधारे कार्यालयात जाऊन पाहावे आणि ग्रामसभेत तो विषय मांडावा. पाणी साठविण्याचे शास्त्र आपल्याजवळ आहे. त्या पाण्याचा लाभ आणि धोका यांची न्याय्य वाटणी करण्याचे काम अद्याप उरले आहे.