न दिसणाऱ्या आकाराचा अस्सल पुरावा

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली आमच्या खानदेशात, धुळ्यास वारले. त्यांच्यामागे तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अस्सल कागदावाचून इतिहास नाही, ही त्यांची शिस्त. मी पडलो मॅट्रिक झालेला मास्तर आणि कादंबऱ्या लिहिणारा. मला प्रश्न पडतो, की जी वस्तू डोळ्यांना दिसतच नाही, तिच्या इतिहासाचा अस्सल कागद कोणता? रेणूच्या आकाराची हकीकत अशीच आहे.

१८७४ साली व्हान्ट हॉफ या बावीस वर्षांच्या डच तरुणाने सांगितले, की कार्बनचे चार हात आपण फळ्यावर काढतो तसे सपाट नसतात. ते चहूकडे पसरलेले असतात. फ्रान्समध्ये ल बेल यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच मांडले. पुढे व्हान्ट हॉफ उट्रेख्टच्या पशुवैद्यकीय शाळेत नोकरीस लागला. तेव्हा १८७७ साली कोल्बे या वयोवृद्ध जर्मन पंडितांनी टर उडविली, की त्या शाळेतला पंखांचा घोडा उसना घेऊन हे गृहस्थ उडत असावेत!

पुरावा पुढे विजेने दिला. काही रेणूंचे एक टोक किंचित धन, दुसरे किंचित ऋण असते, हीच ध्रुवीयता. १९१२ साली डिबाय यांनी ती मोजण्याची वाट दाखविली. डायक्लोरोएथिलीनचे दोन प्रकार घ्या. दोहोंत दोन कार्बन, दोन हायड्रोजन आणि दोन क्लोरीन. क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. दोन्ही क्लोरीन एकाच अंगाला असले, की एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखी त्यांची ओढ एकवटते. समोरासमोर असले, की ती परस्परांत जिरते. पहिल्याची ध्रुवीयता सुमारे १.९ डिबाय भरली, दुसऱ्याची शून्य! पहिला सुमारे ६० अंशांवर उकळतो, दुसरा ४८ वर. माल तोच, फरक केवळ मांडणीचा. हा झाला अस्सल कागद.

आपल्या दिवाळीतही तो वाचता येतो. पेल्यात पाणी घालून वर जळगावच्या गिरणीतले तेल ओतले, की ते तरंगते. पाण्याचा रेणू वाकडा, म्हणून ध्रुवीय. तो सरळ असता, तर दोन्हीकडची ओढ फिटली असती. तेलाच्या लांब साखळ्यांत ध्रुवीयता फारच थोडी. म्हणून दोघांचे जमत नाही, आणि म्हणूनच वरची वात जळते.

व्हान्ट हॉफ पुठ्ठ्याचे नमुने करून विद्वानांना धाडीत असे. या सुटीत मुलांना मातीचा एक गोळा आणि चार काड्या द्या. चारही काड्या एकमेकींपासून जास्तीत जास्त दूर कशा रोवाल, एवढेच विचारा.