कंपनी खरी आहे, पण शिकवते का?

आज थोडा सरकारी इतिहास, पण आपल्याच कामाचा. नोकरीच्या ट्रेनिंगवर सरकार पैसे खर्च करतं, तेव्हा कंपनी कोणत्या निकषावर निवडतं?

सुरुवात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यापासून. तिथे निवडीचा प्रश्नच नव्हता, शिकाऊ घेणं ही कंपनीची जबाबदारीच होती. आजही ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. पण शिकवून झाल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं कायदा म्हणत नव्हता. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एवढंच सांगितलं की बाकी सगळं सारखं असेल, तर बाहेरच्यापेक्षा शिकून तयार झालेल्याला आधी घ्या.

मग २०१६ मध्ये केंद्राची 'नॅप्स' आली. ठरलेल्या विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकारचा. बाकीचे कंपनीचे. मला हा सगळ्यात शहाणा निकष वाटतो. स्वतःच्या खिशातून पैसे गेले की मालक पोराला नुसता चहा आणायला पाठवत नाही, काहीतरी शिकवतो.

२०२४ मध्ये आपल्या राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिन्याला ६०००, आयटीआय-पदविकेला ८०००, पदवीधराला १०,००० रुपये. सगळे सरकारचे, थेट खात्यात, सहा महिने. कंपनीसाठी अटी काय? महाराष्ट्रात काम हवं, स्थापना होऊन तीन वर्षं झालेली हवीत, ईपीएफ, ईएसआयसी, जीएसटी वगैरे नोंदणी हवी.

आता मी कोड लिहिणारा माणूस, मला हे लगेच खटकलं. फॉर्मचं व्हॅलिडेशन चोख आहे, आउटपुटची टेस्टच नाही! कंपनी खोटी नाही, एवढंच यातून कळतं. मागच्या बॅचमधल्या किती जणांना तिने कामावर ठेवलं, हे या यादीत कुठेच विचारलेलं नाही.

आणि गाळलं कोण जातं बघा. ईपीएफची सक्ती २० माणसांपासून सुरू होते. आमच्या जरीपटक्यातलं चार-पाच पोरांचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान त्यात कुठून बसणार? तिथे सहा महिन्यांत पोरगा हातात सोल्डरिंग घेऊन बाहेर पडतो, बरं का. पण कागदावर ते दुकान ट्रेनिंग देणारं नाही. मोठ्या ऑफिसात एक्सेल भरून घेणारी कंपनी मात्र पात्र.

२०२५ मध्ये मुदत सहावरून ११ महिने केली, कारण सहा महिन्यांनी 'आता पुढे काय?' असं पोरं विचारायला लागली होती. मला विचाराल तर महिने वाढवण्याआधी फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायचा: आधी शिकवलेल्यांपैकी आज तुमच्या पगारपत्रकावर किती जण आहेत? शून्य असेल तर पुढच्या वर्षी जागा निम्म्या. आणि छोट्या दुकानांसाठी ईपीएफऐवजी शिकून गेलेल्या पोराच्या हातचं काम तपासायचं, आयटीआयच्या निदेशकाकडून.