आखूड लाकडाचा लांब वंश

इंडोनेशियातील सेमारांग शहरात, एका छोट्या बागेत, 2020 साली ‘वारक कायू’ हे वाचनालय उभे राहिले. इमारत लाकडी आणि खांबांवर उचललेली आहे. वर पुस्तके, खाली मोकळी सावली, त्या सावलीत झोपाळा. वरच्या मजल्यावर ताणलेल्या जाळीवर आडवे पडून मुले वाचतात. त्या दमट उकाड्यातही एसी नाही. पुढे आलेले छप्पर आणि खेळती हवा यांवर भागते. लाकूड एफएससी प्रमाणित, म्हणजे नीट राखलेल्या जंगलातले.

इमारतीभोवती शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटींची लाकडी जाळी आहे. रमजानआधीच्या ‘दुगदेरान’ उत्सवात सेमारांगचे लोक ‘वारक’ नावाचा काल्पनिक प्राणी मिरवतात. त्याच्या अंगावरचे खवले या जाळीत दिसतात. इमारतीचे वास्तुकार फ्लोरियान हाइन्झेलमान आणि दालियाना सूर्याविनाता यांनी मात्र या जाळीचे आणखी एक मूळ सांगितले आहे. ते आहे 1920 च्या दशकातल्या जर्मनीत. तो धागा धरून मागे गेले की चारशेहून अधिक वर्षांचे एक घराणे उलगडते. त्या घराण्याचा ध्यास एकच: मोठे झाड न तोडता मोठे छत उभारणे.

घराण्याचा मूळपुरुष म्हणून फिलिबेर द लॉर्म या फ्रेंच वास्तुकाराचे नाव घ्यावे लागते. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत फ्रान्समध्ये लांब, सरळ तुळया मिळणे कठीण होऊ लागले होते. राजवाड्याच्या दालनाला लागणारी तुळई देणारे झाड वाढायला पिढ्या जातात, तोडायला मात्र एक दिवस पुरतो. द लॉर्मने 1561 साली कमी खर्चात चांगले बांधण्याच्या युक्त्यांवर एक पुस्तक छापले. त्यातली मुख्य युक्ती अशी: आखूड फळ्या कमानीच्या वळणात कापायच्या, एकीच्या सांध्यावर दुसरीचा मध्य येईल अशा जोडीने उभ्या करायच्या आणि खुंट्या ठोकून बांधायच्या. अशा कमानी ओळीने उभ्या केल्या की छताचा सांगाडा तयार. एरवी ज्याला कोणी विचारले नसते, असे लाकूड राजाच्या छपरात गेले.

पुढे ही युक्ती बरीच वर्षे मागे पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या धान्यबाजाराचे गोल अंगण झाकायचे ठरले, तेव्हा ल्ग्रां आणि मोलिनो या वास्तुकारांनी द लॉर्मचीच पद्धत वापरून 1783 पर्यंत सुमारे 39 मीटर व्यासाचा लाकडी घुमट चढवला. 1786 साली तो पाहून थॉमस जेफरसन भारावून गेले आणि मॉन्टिसेलो या आपल्या घराच्या घुमटासाठी त्यांनी तीच रीत निवडली. पॅरिसचा घुमट 1802 साली आगीत जळाला आणि त्याच्या जागी लोखंडी घुमट आला. पण त्याआधीच, 1797 साली, बर्लिनमध्ये डेव्हिड गिली यांनी फळ्यांच्या छपरांवर पुस्तक लिहून ही विद्या प्रशियात रुजवली होती. गोठा असो वा कोठार, लाकूड वाचवणारे छप्पर सर्वांनाच हवे होते.

खरी उडी मारली फ्रिडरिश त्सोलिंगर यांनी. पहिल्या महायुद्धानंतर ते जर्मनीतल्या मेर्झेबुर्ग शहराचे नगर-वास्तुकार होते. घरांची टंचाई भीषण, पैसा नाही, लाकूड नाही, कुशल सुतारही कमी. द लॉर्मच्या कमानी एकमेकींशेजारी स्वतंत्र उभ्या राहत. त्सोलिंगरांनी फळ्या तिरप्या धरून त्यांची जाळीच विणली. प्रत्येक सांध्यावर एक फळी सलग जाते आणि दोन फळ्यांची टोके तिला येऊन भिडतात. मधून एक बोल्ट. सगळ्या फळ्या एकाच मापाच्या, माणसांना हातांनी उचलता येतील अशा. भार एका कमानीवर न राहता जाळीभर वाटला जातो. वर कमानदार माळा मिळतो, मध्ये एकही खांब येत नाही. या छपराखाली मेर्झेबुर्गमध्ये कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. हीच जाळी पुढे ह्यूगो युंकर्स यांनी पोलादात उतरवून विमानांच्या हँगरांवर चढवली.

या पद्धतीला दोषही होता. लाकूड वाळते, आक्रसते, बोल्ट ढिले पडतात आणि कालांतराने छप्पर बसू लागते. कित्येक जुन्या त्सोलिंगर छपरांना नंतर आधार द्यावे लागले. मला हा दोष शिकवणारा वाटतो. आखूड लाकडाचे सारे बळ सांध्यात असते, म्हणून सांध्याची निगा हा बांधकामाचाच भाग समजला पाहिजे. जो बोल्ट ढिला होतो, तो पुन्हा आवळताही येतो. जी फळी कुजते, ती एकटी बदलता येते.

वारक कायूमधली जाळी मेर्झेबुर्गसारखे छप्पर पेलत नाही. तिचे काम ऊन अडवणे आणि वारा आत सोडणे. तरीही नाते केवळ दिसण्यापुरते नाही. इथले सुटे भाग कारखान्यात तयार होऊन बागेत जोडले गेले, आणि आखूड तुकडे दातेरी सांध्यांनी चिकटवून केलेले लाकूडही यात आहे. गरज बदलली आहे. द लॉर्मला लांब लाकूड मिळत नव्हते. आज यंत्रे कुठल्याही जंगलातून ते ओढून आणू शकतात आणि म्हणूनच ते न मागण्याचा निश्चय करावा लागतो.

वस्तीतल्या वाचनालयासाठी हा निश्चय मला फार मोलाचा वाटतो. अशा संस्थेकडे पैसा थोडा असतो, हात मात्र बरेच असतात. दोघांनी उचलता येणारी, गल्लीतल्या सुताराला दुरुस्त करता येणारी आणि जागा बदलली तर उकलून नेता येणारी इमारत तिला परवडते. म्हणून आराखडा काढण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: जवळपास कोणते लाकूड मिळते, ते किती लांबीचे आहे, आणि वीस वर्षांनी सांधे कोण आवळणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर वस्तीतल्याच माणसांनी दिले, तर इमारत टिकण्याची खरी सोय झाली असे समजावे.