मेंदूची लय आणि क्षीण विद्युत्प्रवाह : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
मस्तकावर बाहेरून दिलेला एक-दोन मिलीअँपिअरचा प्रवाह मेंदूच्या अंगभूत लयीवर परिणाम करू शकतो काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला आहे. प्रस्तुत निबंधात या वादाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेण्यात आला आहे.

ऐतिहासिक वाटचाल :
जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युत्-लहरी प्रथम नोंदविल्या व १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी १९३४ मध्ये त्यास दुजोरा दिला. लय मोजता येते, हे सिद्ध झाल्यावर ती बदलता येते काय, हा प्रश्न ओघानेच पुढे आला. उंदरांच्या उघड्या मेंदूवर दिलेल्या क्षीण प्रवाहाचा परिणाम प्रवाह थांबल्यानंतरही टिकतो, असे बिंडमन व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये दाखविले. २००० मध्ये ग्योटिंगेन येथे नित्शे व पाउलुस यांनी कवटीबाहेरून दिलेल्या १ मिलीअँपिअर प्रवाहाने मानवी मेंदूच्या कारक भागाची उत्तेजनक्षमता बदलते, असे सिद्ध केले. २००६ मध्ये जर्मनीतीलच एका प्रयोगात निद्रेतील मंद लयीशी जुळणारे उद्दीपन दिल्यावर स्मरण सुधारल्याचे आढळले.

आक्षेप :
२०१७ मध्ये मात्र रुग्णांच्या मेंदूतील थेट नोंदींत निद्रालय अशा प्रवाहामागे जात असल्याचे दिसले नाही. २०१८ मध्ये मृतदेहांवरील मोजमापांतून सुमारे ७५ टक्के प्रवाह त्वचा व कवटी यांतच क्षीण होतो, असे निष्पन्न झाले. दिसणारा परिणाम त्वचेतील मज्जातंतूंमार्फतही घडत असावा, असा आक्षेप २०१९ मध्ये पुढे आला. त्याच वर्षी माकडांच्या मेंदूतील एकेका मज्जापेशीची स्पंदनवेळ प्रवाहाशी जुळते, असेही आढळले. २०२२ मध्ये त्यात भर पडली : पेशी आधीच मेंदूच्या लयीशी बांधलेली असल्यास बाह्य प्रवाह त्या लयीशी स्पर्धा करतो व तिची पकड अनेकदा सैल करतो.

निष्कर्ष :
तात्पर्य, क्षीण प्रवाह नवी लय लादतो असे नव्हे. तो पेशींच्या स्पंदनांची वेळ किंचित सरकवतो. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत स्किझोफ्रेनियातील श्रवणभ्रमांवर क्षीण एकदिश प्रवाहाचे संशोधन झाले आहे. परंतु लक्षणे कमी होणे आणि लय बदलणे या दोन स्वतंत्र गोष्टी होत. उपचारासाठी महाड-पोलादपूरहून मुंबई-पुणे गाठणाऱ्या कुटुंबांना हा भेद कळणे अगत्याचे आहे.