माढ्याच्या फळबागा आणि मोजणीचा इतिहास

भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला माढा तालुका नकाशात पाहणाऱ्यास तेथे पाण्याची ददात असेल असे वाटणार नाही. परंतु पर्जन्यछायेच्या या मुलखात पाऊस इतका बेभरवशाचा, की १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात तत्कालीन माढे तालुक्यातील आष्टीच्या तलावावर हजारो भुकेल्या हातांना काम द्यावे लागले. सरकारी दफ्तरात पाऊस आणि पीक यांची नोंद होई ती मुख्यत्वे जमाबंदी व आणेवारीसाठी. झाडाला पाणी किती लागले, हे कोणी विचारले नाही.

१९८० साली याच तालुक्यात उजनी धरण पुरे झाले, १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, आणि ज्वारीच्या शिवारात द्राक्षे व डाळिंबे दिसू लागली. पुढे २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश आढळला, आणि त्या धक्क्यातून २००६ साली अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेची ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था उभी राहिली: प्रत्येक बागेची नोंदणी, मालाच्या नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी, आणि परदेशातील पेटीवरून थेट मूळ बागेपर्यंत माग. ही व्यवस्था परक्या ग्राहकासाठी जन्मली खरी, पण फवारणीचा रोजचा हिशेब ठेवण्याची शिस्त तिनेच आमच्या बागाइतदारास लावली, हे तिचे ऋण मी मोठे मानतो.

आता बागेत पानाचा ओलावा मोजणारी पट्टी असते. द्राक्षाच्या फळछाटणीनंतर दव वा पावसाने पाने किती तास भिजली, हे ती सांगते. त्यावरून केवडा या रोगाचा धोका कळतो आणि निष्कारण फवारणी टळते. मुळांपाशी रोवलेला संवेदक मातीतील ओल दाखवतो, मग ठिबकचा पंप तेवढाच वेळ चालतो, आणि पंप कमी चालला की कोळशावर निर्माण होणारी वीजही तितकीच वाचते. डाळिंबाला बहारासाठी ताण द्यायचा, तेव्हा ओलीचा हा आकडा अनुभवी नजरेस मोठा आधार देतो.

तथापि वाचलेले पाणी जर नव्या उसाच्या लागणीत जिरले, तर या साऱ्या मोजणीने भीमेचे काहीच भले होणार नाही. म्हणून माढ्यातील बागाइतदारांस आणि पाणीवापर संस्थांस माझी आग्रहाची विनंती आहे, की यंत्राने वाचवलेले पाणी स्वतंत्र खात्यावर मांडावे आणि ते उन्हाळ्यातील बागांसाठीच राखून ठेवावे.