गावाच्या जंगलाचा आराखडा : ग्रामसभेत अंगठा-सही करण्याआधी काय तपासायचं

सेमाडोह : परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीकाठी असलेलं सेमाडोह मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतं. इकडच्या जंगलासाठी कागद एकच नसतो. प्रकल्पाचा व्याघ्र संवर्धन आराखडा असतो, प्रकल्पाबाहेरच्या जंगलात वनविभागाची कार्य आयोजना असते. आणि ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, त्या गावाला स्वतःचा संवर्धन व व्यवस्थापन आराखडा करता येतो. हा तिसरा कागद गावाचा, पण तोच सगळ्यात कमी वाचला जातो.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या कलम ३(१)(झ) नं, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या ‘आय’ क्रमांकाच्या हक्कानं, पारंपरिक हद्दीतलं जंगल राखायचा, वाढवायचा आणि त्याचं व्यवस्थापन करायचा अधिकार गावाला दिला. कायद्यातल्या व्याख्येत राखीव जंगल, अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानही धरलं आहे. त्यामुळे ‘तुमचं गाव प्रकल्पात येते, तुम्हाले हे लागू नाही’ असं कोणी म्हणलं तर ते बरोबर नाही. मात्र वन्यजीव कायदा तिथं लागूच राहतो, शिकारीला मोकळीक मिळत नाही.

आराखडा करते ती ग्रामसभेनं नेमलेली समिती. सप्टेंबर २०१२ मध्ये नियम सुधारले, तेव्हा हे स्पष्ट लिहिलं गेलं : समितीनं आराखडा करायचा, तो वनविभागाच्या आराखड्याशी जोडायचा, आणि जोडताना कोणते बदल लागतात ते समितीनं ठरवायचं. समितीवर देखरेख ग्रामसभेची. आराखड्यात पुढं फेरफार करायचा, वनोपजाचा वाहतूक परवाना द्यायचा किंवा विक्रीचा पैसा कुठं लावायचा, या निर्णयांनाही ग्रामसभेची मान्यता लागते.

ही ग्रामसभा पंचायतीची मोठी सभा नव्हे. चिखलदरा आणि धारणी हे अनुसूचित क्षेत्रातले तालुके, इथं पेसा लागू आहे. गट ग्रामपंचायतीतल्या लहान गावाची सभाही वेगळी होऊ शकते. वनहक्क नियमांप्रमाणं निम्मे प्रौढ हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. गावात ६०० प्रौढ असतील तर ३०० माणसं आणि त्यात १०० बाया. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा केल्या, तर ती सभा नाही.

आता मुख्य गोष्ट. आराखडा बऱ्याचदा बाहेरच्या माणसाच्या कॉम्प्युटरवर टाइप होतो. त्यात चुकीचं काही नाही, पण एका गावाचा मजकूर दुसऱ्या गावाच्या नावानं उतरतो तेव्हा पंचाईत होते. म्हणून सभेत तो मोठ्यानं वाचून घ्यावा, कोरकूत समजावून सांगावा. पहिले हद्द पाहावी : नाला, टेकडी, शेजारच्या गावाची शीव नकाशात बरोबर आहे का. मग चराई. ढोरं कोणत्या महिन्यात कुठं जातील आणि कोणता तुकडा बंद राहील, हे नाव घेऊन लिहिलं पाहिजे. ‘चराई नियंत्रित केली जाईल’ एवढंच वाक्य असेल तर गुराख्यानं काय समजावं?

आगीचंही तसंच. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पानं फुटावीत म्हणूनही आग लावतात. पाला झाडून बाजूला करणं, तेंदूची झुडपं छाटणं, जाळरेषा कोणी आणि कधी काढायची, उन्हाळ्यात पहारा कोणाचा, हे आराखड्यात पाहिजे. मोह, चारोळी, हिरडा, मध, डिंक यांच्या वेचणीचे दिवस बायांना विचारूनच लिहावेत, कारण जंगलात रोज त्याच जातात.

जवळचं उदाहरण परतवाड्याजवळच्या पायविहीरचं. या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. उजाड जंगलावर गावानं माती-पाण्याची कामं केली, झाडं लावली, चराई आणि तोडीवर बंधन घातलं, सीताफळ विकून गावाला उत्पन्न उभं केलं. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला हक्क २००९ मध्येच मिळाला होता, पण बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्यांना २०११ पर्यंत झगडावं लागलं. म्हणजे हक्काचा कागद हाती आला तरी वापराचा प्रश्न आपोआप सुटत नाही.

वनविभागाकडून आराखड्यावर सूचना आल्या तर त्या लेखी मागाव्यात आणि पुढच्या सभेत एकेक करून वाचाव्यात. वाघाच्या पाणवठ्याजवळ ढोरं नेऊ नका, अशी सूचना असेल तर त्यात तथ्य असू शकतं, पण मग दुसरा पाणवठा कोणता हेही त्याच कागदावर यावं. जी सूचना मान्य नाही तिचं कारण ठरावात लिहावं. व्याघ्र संवर्धन आराखडा करताना जंगलातल्या लोकांची शेती आणि रोजीरोटी जपायची, असं वन्यजीव कायद्याचं कलम ३८-व्ही सांगतं, त्याचा उल्लेख ठरावात जरूर करावा.

मंजूर झालेला आराखडा, नकाशा आणि ठरावाची एक प्रत गावातच ठेवावी. मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवला तर आणखी बरं.